रेघेपलीकडची खुर्ची

गजभिये सर भेटले की नमस्कार करत नाहीत, समोरच्याचा डावा खांदा दाबतात. "खांदा पाडा," म्हणतात, आणि तो खाली येईपर्यंत हात काढत नाहीत. धनुष्य धरताना खांदा वर चढला की बाण वाया जातो, हे त्यांना कळलं त्या दिवसापासून बालाघाटातला एकही खांदा त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात ते स्टेजवर आहेर द्यायला गेले आणि नवरदेवाचा खांदा दाबून आले. अल्बममध्ये तो बिचारा एका बाजूला कललेला आहे.

आमच्या हायस्कुलात सर रसायनशास्त्र शिकवतात, मी इतिहास. बालाघाट मध्य प्रदेशात, म्हणून शाळा हिंदी, बाजार हिंदी. पण दोघांचीही मुळं भंडाऱ्याकडची, म्हणून स्टाफरूमच्या एका कोपऱ्यात आमची मराठी चालते.

पन्नाशी उलटेपर्यंत सरांनी धनुष्याला हातही लावला नव्हता. एकदा शाळेच्या कबड्डी संघाबरोबर त्यांना जबलपूरला पाठवलं. शेजारच्या मैदानावर तीरंदाजी चालली होती, सर दिवसभर तिथेच उभे राहिले. परतीच्या बसमध्ये पोरं तोंडं पाडून का बसलीत हे त्यांना बालाघाट येईपर्यंत समजलं नाही. दुसऱ्या दिवशी ते प्राचार्य मॅडमसमोर हजर. "मॅडम, तीरंदाजी का क्लब खोलना है."

"आपको आती है?"

"नहीं. सीख लूँगा."

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "काहून हो सर, कबड्डी काय वाईट हाये?"

"कबड्डीत लय गलका असते, बोरकर. हा खेळ चूप हाये."

मग सर मोबाइलवर बघून शिकले. दोरी हातावर आपटून कोपरापासून मनगटापर्यंत निळंजांभळं झालं. त्यांना कोणीतरी बदडलं असावं असा अर्ध्या स्टाफचा समज होता, पण विचारायची हिंमत कोणाची नव्हती. लांजीकडच्या एकाकडून बांबूची धनुष्यं करून आणली. धानाचं तणस घट्ट वळून, दोरीनं आवळून निशाण केलं. गल्लीतल्या गाईंना ते निशाण फार आवडलं. सोमवारी येऊन पाहावं, तर बरोबर मधोमध खाल्लेलं असायचं. सर म्हणत, "नेम पाहा तिचा."

हसण्यावारी नेतोय खरं, पण एक गोष्ट आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती. सरांच्या पत्नी वारल्या त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मुलगी पुण्याला नोकरीत, तिचा फोन रविवारी. शाळा सुटली की सर घरी जायचं टाळत. संध्याकाळी आपल्याच घराचं कुलूप आपणच काढायचं, हे त्यांना जमत नव्हतं. ते उगाच प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसत बसत. मला त्यांची कीव यायची, आणि कधीकधी त्यांना टाळून मी दुसऱ्या फाटकानं निघूनही जायचो. क्लब सुरू झाला आणि त्यांची संध्याकाळ भरली.

क्लबात नियम एकच. सर रोज चुन्याची रेघ आखत, पोरं त्या रेघेवर उभी राहत. "लकीर के आगे आदमी, तो धनुष नीचे." बाण काढायला कोणी पुढे गेलं की बाकीच्यांनी धनुष्य जमिनीवर ठेवायचं, आणि तो परत रेघेमागे येईपर्यंत हात लावायचा नाही. हा नियम सरांच्या अंगात इतका मुरला, की स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोरून कोणी गेलं तरी ते तोंडाशी नेलेला चहाचा कप खाली ठेवत. परीक्षेच्या दिवसांत वर्दळ फार, तेव्हा त्यांचा चहा नेहमी थंडच व्हायचा.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी रोशनीचा बाण चुकला. रोशनी लामत्याकडची, वसतिगृहात राहणारी, क्लबातली सगळ्यात चांगली पोरगी. दोरी बोटातून निसटली आणि बाण निशाणावरून, भिंतीवरून थेट शाळेशेजारच्या राऊतकाकूंच्या गच्चीवर गेला. काकूंनी कुरोड्या, म्हणजे कुरडया, वाळत घातल्या होत्या. दहा मिनिटांत काकू शाळेत आल्या, हातात परात, परातीत कुरोडी आणि कुरोडीत बाण तसाच उभा. पुरावा हलू नये म्हणून जिना त्या कशा उतरल्या असतील, देव जाणे.

"आज कुरोडीत घुसला," काकू म्हणाल्या, "उद्या माह्या नातवात घुसन. त्याले कोण जबाबदार?"

यात चुकीचं काहीच नव्हतं. मॅडमनी सांगून टाकलं, "गजभिये सर, क्लब बंद कीजिए."

 त्या दिवशी सर पुन्हा बाटल्या पुसत बसलेले मला दिसले. जाताना त्यांनी मॅडमना एवढंच म्हटलं, "कल शाम को पाँच मिनट मैदान पर आइए. काकू को भी बुलाइए."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, काकू आल्या, मी होतोच. पोरं रेघेवर उभी होती. सरांनी स्टाफरूममधली आपली खुर्ची उचलली, मैदान ओलांडून निशाणाच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यावर बसले. तिथून ओरडले, "अब चलाओ. चुकला तं मले लागन, दुसऱ्या कोणाले नाही."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.  रोशनी रांगेत पहिली होती. तिनं खाली वाकून धनुष्य जमिनीवर ठेवलं. मग शेजारच्यानं ठेवलं. बघता बघता सगळी रांग रिकाम्या हातांनी उभी राहिली.

"रोशनी, उठाओ. मैं बोल रहा हूँ."

"सर, लकीर के आगे आदमी है."

"वो मैं हूँ. मैं बोल रहा हूँ न."

"आदमी तो है न, सर."

"क्लब से निकाल दूँगा."

"निकाल दीजिए," रोशनी म्हणाली. तिचे हात मागे बांधलेले होते.

 मग राऊतकाकूंनी पदर सावरला. "बाई, राहू द्या हो," त्या मॅडमना म्हणाल्या. "हे पोरं कोणाले मारनारे नाहीत. भिंतीवर उंच तट्टे बांधून घ्या, मले बाकी काही नाही पाह्यजे." मॅडमनी मान हलवली. बांबूचे तट्टे उद्याच लावायचे ठरले. क्लब वाचला होता.

सरांना सांगायला मी मैदान ओलांडून गेलो. ते खुर्चीतच होते, मांडीवर हात, चष्मा काढलेला. मला वाटलं, हा सगळा डाव त्यांनी आधीच ठरवलेला असणार. शेवटी मास्तर माणूस. तसं मी म्हटलंही.

"नाही हो, बोरकर," ते म्हणाले. "मले खरंच वाटलं होतं का पोरं बाण मारतीन. मी सांगतलं म्हनून मारतीन, नेम बरोबर बसन, अन् मॅडमले पटन. हे थांबतीन असं मनातच आलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "बाई गेली तवापासून मी आलो काय अन् गेलो काय, कोनाचं काही अडत नाही. माह्यासाठी कोनी थांबन, हे मी इसरूनच गेलतो."

 मी मागे वळून पाहिलं, तर ऊन उतरलं होतं आणि पोरं तशीच रेघेवर उभी होती, धनुष्यं पायाशी.

"चला सर," मी म्हटलं. "तुम्ही उठल्याशिवाय त्यांना धनुष्य उचलता येत नाही. पोरं खोळंबलीत."

सरांनी रेघेकडे पाहिलं. उठले मात्र नाहीत.

"थांबू द्या नं जरासं," म्हणाले.

मीही मग त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून खाली बसलो.