भालेरावांच्या घरातली झिमर मंडळी

भालेराव काकांकडे जेवायला गेलं की अंगातला कोट काढायच्या आत ते घरातल्या मंडळींची ओळख करून देत. राहत दोघंच, काका आणि काकू. पण ओळख नऊ जणांची होई. बाकीचे सात कधीच वारलेले होते.

ही ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. अमेरिकेत ॲन आर्बरमधले आम्ही सगळे मराठी इंजिनियर कोरी करकरीत घरं शोधत होतो, तेव्हा काकांनी शंभर वर्षांचं लाकडी घर घेतलं. मग लायब्ररीत जुन्या सेन्ससच्या मायक्रोफिल्म डोळे लाल होईपर्यंत बघून, एकोणीसशे साली तिथे राहणारं कुटुंब हुडकून काढलं. झिमर नावाचा सुतार, बायको लीना, चार मुलं आणि एक भाडेकरू.

काकू एकदा वरच्या खोलीला 'गेस्ट रूम' म्हणाल्या. काका तिथल्या तिथे, "रेकॉर्डला काय आहे ते बोला. ती भाडेकरूची."

सेन्ससमध्ये खोल्या लिहीत नाहीत, असं मी भीत भीत सुचवलं.

"मग घरातली सगळ्यात थंड खोली कुणाला देतात?"

"ह्यांना माझा वाढदिवस आठवत नाही," काकू म्हणायच्या, "पण लीनाच्या चारही पोरांचे जन्ममहिने पाठ!"

त्या सेन्ससमध्ये एक रकाना होता: आईला मुलं किती झाली, हयात किती. लीनापुढे सात आणि चार असे आकडे होते. काका तिथेच अडकले, आणि आम्ही त्या रकान्यावरून त्यांची थट्टा करायचो. उरलेल्या तिघांसाठी दोन वर्षं त्यांनी चर्चच्या वह्या आणि दफनभूमीतले दगड पालथे घातले. दोन मुलींची नावं मिळाली.

"काका, आता सोडून द्या ना," मी म्हटलं.

"एक मिसिंग आहे."

मग एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. "रविवारी बारसं आहे. दोघंही या."

काकूंची पन्नाशी उलटलेली. विचारायचं तरी कसं? शेवटी माझ्या बायकोने एक झबलं शिवलं आणि आम्ही गेलो.

पाळणा कुठेच नव्हता. टेबलावर घुगऱ्या होत्या.

"तिसरा सापडला," काका म्हणाले. "मुलगा. सहा दिवसांचा. वहीत नावाची जागा कोरी सोडलीय." आणि ते घुगऱ्या वाढायला लागले.

"आमचाही दहाव्या दिवशी गेला," काकू म्हणाल्या. "नागपूरला. बाराव्याला बारसं होतं. लोक म्हणाले, बरं झालं, अजून नाव ठेवलं नव्हतं."

आमची सात वर्षांची ओळख, आणि हे आम्हाला ठाऊक नव्हतं. इतके दिवस त्या रकान्यावरून केलेल्या थट्टेची मला लाज वाटली.

"ह्यांनी लीनाच्या मुलाचं नाव हेन्री ठेवलंय. मी म्हटलं, मग आपल्याचंही ठेवू. माधव."

बायकोने झबलं पुढे केलं. काकूंनी ते उलगडलं, वितीने मोजलं.

"मापाचं आहे," म्हणाल्या.