रुग्ण निरोगी असावा

डोळा हा मानवी शरीरातील अत्यंत नाजूक अवयव असल्याने त्याला विद्यार्थ्यांचा हात लागू नये, हे दृष्टिविज्ञान विभागाचं पहिल्यापासूनचं धोरण आहे. चार वर्षांच्या पदवीत विद्यार्थी डोळ्याच्या एकशे बारा आकृत्या काढतो, त्यांतल्या नव्वद रंगीत. डोळ्याच्या आत डोकावायचं यंत्रही विभागाकडे आहे. त्यावर धूळ बसू नये म्हणून ते खोळीत असतं आणि धूळ खोळीवर बसते. (खोळ धुण्याचा प्रस्ताव मंजुरीसाठी गेलेला आहे.)

शेवटच्या वर्षी मात्र खराखुरा माणूस तपासावा लागतो. तो विद्यार्थ्याने घरून आणायचा. सूचनाफलकावर नियम स्पष्ट आहे: 'रुग्ण निरोगी असावा.' यामागे मोठा विचार आहे. निरोगी डोळ्याचं उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. आजारी डोळा ज्याचा त्याचा वेगळा, त्याला गुण द्यायचे तरी कसे? गेल्या अकरा वर्षांत विभागात एकही आजारी डोळा सापडलेला नाही. शहराच्या आरोग्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

वर्गात पहिली येणारी मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील बस चालवत. परवान्याच्या नूतनीकरणाला विभागाचा दाखला चालतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. ते इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर ताठ बसले. मुलीने त्यांचा एक डोळा झाकला, समोर बघायला सांगितलं आणि कडेला बोट हलवलं.

"दिसलं की सांगा हं, बाबा."

"अगं, तू हलव तरी आधी."

ती केव्हाची हलवत होती. बोट पार नाकासमोर आलं तेव्हा बाबा म्हणाले, "हां, आलं!" दुसऱ्या डोळ्याचीही तीच तऱ्हा. तिला पुस्तक आठवलं. काचबिंदू, पान दोनशे अकरा: कडेची नजर आधी जाते, माणसाला पत्ता लागत नाही, वेळीच औषध सुरू केलं तर उरलेली वाचते. या उत्तराला तिला दहापैकी दहा मिळाले होते.

"सर, बाबांना कडेचं दिसत नाहीये."

परीक्षकांनी पुस्तक उघडलं. "इथे कडेला नव्वद अंशांपर्यंत दिसतं असं दिलंय. तुमच्या वडिलांचं चुकतंय." मग, स्वभावाने कनवाळू असल्यामुळे, त्यांनी मार्गही सुचवला: नव्वद लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा रुग्ण आणा.

"लिही गं नव्वद," बाबा कुजबुजले. "मला काही धाड भरलेली नाही. एवढ्यातेवढ्यासाठी वर्ष घालवतेस की काय?"

तिला रडू येत होतं. तिने नव्वद लिहिलं आणि त्यावर बाबांना दाखलाही मिळाला. (सुवाच्य अक्षराचा एक गुण वेगळा मिळाला.)

निकाल लागला की लगेच डॉक्टरांकडे न्यायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. निकालात ती पहिली आली आणि त्याच आठवड्यात विभागात शिकवू लागली. आता डॉक्टरांना दाखवायचं, तर दाखला कसा दिला हा प्रश्न आलाच. तेव्हा ते राहिलं. सूचनाफलक सध्या तिच्याकडे असतो.

बाबा अजून बस चालवतात. तुम्ही कडेने येता, त्यांना हात दाखवता, त्यांनी पाहिलंय असं धरून चालता आणि मोबाइलवरून नजर न काढता रस्त्यात उतरता. उतरा. त्यांना दिसत नाही, याला निदान कारण तरी आहे.