पहिल्या खेपेची गाडी

पोटुशी लेक घेऊन एखादी बैलगाडी आमच्या गावात शिरायला लागली, की लिंबाजीमामा रस्त्यात आडवे यायचे. बैलाची वेसण धरायचे, गाडीवानाला रामराम घालायचे आणि चारचौघांदेखत विचारायचे, "कितवी खेप हाय?" दुसरी-तिसरी म्हटलं की वेसण सोडायचे. "जा बाई, सुखानं जा." पहिली म्हटलं की झालं. "फिरवा गाडी. पहिल्या खेपेला हे गाव न्हाई."

आता लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं ही आपली रीत. सातवा लागला की बाप गाडी जुंपून जातो, लेक शिवेवरच्या मारुतीला हात जोडते, आणि तिथंच हा गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला माणूस खेप विचारतो. लोकांनी शिव्या द्यायच्या नाहीत तर काय आरती ओवाळायची? एकदा संध्याकाळच्या वेळी त्यांनी पाटलाच्या म्हाताऱ्या आईची गाडी अडवली. बाजारातला भोपळा म्हातारीनं पदराखाली घेतला होता. कितवी खेप, विचारल्यावर ती म्हणाली, "नववी, मुडद्या. आन् आठवा तुझ्याच वयाचा हाय." गाव महिनाभर हसत होतं.

रझाकाराच्या धामधुमीत माणसं दिवस मावळायच्या आत घर गाठायची. रस्त्यात काठीवाला दिसला की गाडीतल्या बायकांचा हात मंगळसूत्रावर जायचा. मामा लांबूनच सांगायचे, "भिऊ नका, मी लिंबाजी." ते ऐकून गाडीवान आडवाटेनं शेतात गाडी घालायचा.

मी त्यांच्या शेजारच्या घरातली सून. मधे एकच भिंत, त्यामुळं त्यांचा खोकलासुद्धा मला पाठ होता.

आमचं गाव सोनपेठच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. पाऊस ओसरला की डबक्यांवर डास आणि घराघरांत हिवताप. गावाला त्याची लाज नव्हती, उलट मिजास होती. "आमच्या माणसाला ताप पचतोय," म्हणायचे. आणि ते खरंही होतं. मोठी माणसं दोन-चार दिवस गोधडीखाली कुडकुडायची आणि उठून औत धरायची. बाहेरून आलेला मात्र आडवा व्हायचा. लग्न होऊन आले त्या वर्षी मीही झाले. माझं माहेर जिंतूरकडच्या कोरड्या माळावर. सासू म्हणाली, "माळावरची हाय, कच्ची."

पण मामांची थोरली सरजा काही कच्ची नव्हती. याच गावात जन्मली, याच तापात वाढली. तिलाही जिंतूरकडंच दिली होती. मामा जाऊन तिला पहिल्या खेपेला घेऊन आले. भादव्यात घरात सगळ्यांनाच ताप आला. मामा उठले, मामी उठल्या, धाकटी गया उठली. सरजा दिवसेंदिवस पांढरी पडत गेली. लेकरू मेलेलंच आलं, मूठभर. मागोमाग तीही गेली. गाव म्हणालं, बाहेरचं लागलं. तेराव्याला जेवले, हात धुतले आणि आपापल्या कामाला लागले.

बाळामागून पडलेली वार पुरताना सुईण सहज बोलून गेली होती, "असली काळी वार म्या कवा बघितली न्हाई. काजळीवानी." मामांनी तेवढं धरून ठेवलं. त्यानंतर गावात कुणीही बाळंत झालं, की हे सुईणीच्या दारात हजर. "वार लाल होती का काळी?" पुरुषमाणसानं विचारायची गोष्ट का ही? सुईणीनं एकदा केरसुणी उगारली, एकदा खरकटं पाणी फेकलं. मामांनी धोतर पिळलं आणि पुन्हा विचारलं. शेवटी ती कंटाळून सांगायला लागली. काळी निघायची ती बहुतेक पहिलटकरणीचीच. लेकुरवाळ्यांना ताप येऊन गेला तरी लाल असायची.

मग मामांनी आपलं एक शास्त्र काढलं. ओट्यावर बसून मला सांगायचे, कारण दुसरं कुणी ऐकायचं नाही.

"अंगात राखणदार असतोय सूनबाई. लहानपणापासून त्याची आन् तापाची झटापट चालू असतीय, त्यामुळं त्याला तापाच्या सगळ्या खोड्या ठाऊक. म्हणून आपण उठतोय. पण पहिल्यांदा पोट राहिलं की वार ही घरात नवी खोली होतीय. राखणदाराला तिचा पत्ताच न्हाई. ताप जाऊन बसतोय तिथं. आईचं रगत खातोय, लेकराचं खाणं आडवतोय. दुसऱ्या खेपेला राखणदार पहिल्यांदा तीच खोली धुंडाळतोय."

"अंगात राखणदार? कुणी बघितलाय का मामा?"

"नसता तर माझी गया कशी उठली असती?"

मला हसू यायचं आणि हसताही यायचं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातून ते हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या आणायचे आणि पहिलटकरणींच्या घरी वाटत फिरायचे. बायका तोंडावर घ्यायच्या आणि उकिरड्यात टाकायच्या. कोयनेलनं पोट पडतं, असं सगळ्यांचं म्हणणं. तापानं पडलं तर ते नशीब.

मला दिवस गेले तेव्हा त्यांनी माझ्या सासूचं डोकं खाल्लं. "हिला पावसाच्या आधी माळावर धाडा." रोज सकाळी तेच. सासूनं त्यांच्या कटकटीपायी मला चौथ्यातच माहेरी पाठवलं. माझा किसन चांगला धट्टाकट्टा झाला. सासूनं खंडोबाचा नवस फेडला. मामा बाळ बघायला आले, टोपडं दिलं आणि हळूच विचारलं, "लाल होती न्हवं?" मी शरमेनं अर्धी झाले.

पुढं गयाचं लग्न झालं, माझ्या माहेराशेजारच्याच गावात. तिला दिवस गेले. सातवा लागला तसा व्याह्यांचा निरोप आला, न्यायला या. मामा गेले नाहीत. एका नातेवाइकाबरोबर साडीचोळी, डिंकाचे लाडू आणि निरोप धाडला, "तिकडंच होऊ द्या. इकडं आणणार न्हाई."

काय बोभाटा झाला म्हणून सांगू. व्याही म्हणाले, बापाला लेक जड झाली. गाव म्हणालं, चिक्कू आहे, बाळंतपण चुकवलं. मामी त्यांच्याशी बोलायच्या बंद झाल्या. ताट आदळायचं आणि आत निघून जायचं. गया सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. बारशाचं बोलावणं आलं नाही. पंचमी गेली, दिवाळी गेली. मामी तिच्या वाटेकडं डोळे लावून गेल्या. निजामाचं राज्य गेलं, पण गया आली नाही.

माहेरी गेले होते तेव्हा तिची माझी विहिरीवर गाठ पडली. मीच विषय काढला.

"मला कळत न्हाई व्हय वैनी?" ती म्हणाली. बापाला दोघी बहिणी दादाच म्हणायच्या. "सरजाक्का गेली तवा तिच्या उशाला मीच होते. दादांनी काळजीपोटी नेलं न्हाई, ते ठाऊक हाय मला. पण एकदा येऊन माझ्या तोंडावर सांगायचं. माणसाकरवी सांगावा धाडायचा? सासरी काय काय ऐकून घेतलं मी, त्याचं त्यांना काही हाय का?"

परत आले ती तडक मामांच्या ओट्यावर. ते दावं वळत बसले होते. मी रागातच होते.

"मामा, साऱ्या दुनियेच्या गाड्या अडवता. एक दिवस जाऊन लेकीला समजावलं असतं तर काय बिघडलं असतं? तुमच्या या येडेपणापायी पोरगी तुटली, मामी तशाच गेल्या."

त्यांनी दाव्याला आणखी एक पीळ दिला.

"सरजाकडं मी आणायला गेलो न्हवतो, सूनबाई," ते म्हणाले. "गावात तापाची साथ होती. थंडी पडल्यावर नेतो, एवढंच सांगायला गेल्तो. ती दारात बोचकं बांधून बसली होती. मला बघून उठली. म्हणली, दादा, चला."

त्यांच्या हातातलं दावं थांबलं.

"गयाबी तशीच उठली असती. आन् मी तिला आणली असती."