अंगणात पक्षी : निरंक

मी फक्त एक कुंडी हलवायची ठरवली होती. एवढंच. क्रोटनची कुंडी, फाटकाच्या डावीकडून उजवीकडे. निवृत्त माणसाला सकाळी दहाच्या सुमाराला काहीतरी हलवावंसं वाटतं. ऑफिसात असताना मी फायली हलवत असे. (क्वचित हलवत असे, असं आमचे साहेब म्हणायचे.)

कुंडी सरकवली तर तिच्या आडोशाला एक रोपटं उगवलेलं. मी वाकून ते उपटणार, इतक्यात फाटकाबाहेरून आवाज आला.

"काका, थांबा! उपटू नका!"

ही अश्विनी. आमच्या तारनाक्याच्या गल्लीत टोकाच्या घरी, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. मूळची पुण्याची. पोटासाठी कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते आणि उरलेला सगळा वेळ झाडांकडे मान वर करून चालते. दोनदा आमच्या फाटकाला धडकली, तेव्हापासून ओळख.

"काका, हा कुर्डू आहे. आपला, इथला, एकदम नेटिव्ह. ह्याच्या बिया खायला मुनिया येतात."

"कोण मुनिया?" मी दबक्या आवाजात विचारलं आणि दारात बायको नाही ना, हे एकदा बघून घेतलं.

"पक्षी आहे हो काका! छोटासा. तुम्ही हे क्रोटन, गुलाब, लॉन लावलंय ना, त्यात पक्ष्यांना खायला काहीच नाही. इथली झाडं लावा. तरवड लावा, अडुळसा लावा, रुई लावा. फुलपाखरं येतील, अळ्या होतील, अळ्यांना पक्षी येतील. आमचा पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप अशा घरांना पाटी देतो. 'पक्षीमित्र अंगण', आणि खाली घरच्या माणसाचं नाव. हिरवी, छान, धातूची असते."

पाटी हा शब्द माझ्या काळजात घुसला. त्याचं कारण सांगतो. चौतीस वर्षं मी एका ऑफिसात काम केलं, त्यातली अकरा वर्षं हेडक्लार्क म्हणून. टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. निरोपाच्या दिवशी बाहेर जाऊन समोसा खाऊन परत आलो, तेवढ्यात कुणीतरी पाटी उलटी करून मागच्या बाजूला नव्या माणसाचं नाव रंगवलेलं. रंग ओला होता. घराच्या दारावर म्हणाल तर अजून वडिलांचंच नाव आहे, आबासाहेब. म्हणजे एवढ्या मोठ्या हैदराबादेत 'एकनाथराव' हे नाव लाईटच्या बिलाशिवाय कुठेही लिहिलेलं नाही. मला पाटी हवी होती. हे मी कुणाला बोललो नाही, पण तुमच्यापासून काय लपवायचं?

लॉन उखडली. गुलाब वाटून टाकले. पद्मावतीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, दारात उभं राहून सगळं बघितलं.

"काय करायलाव हे?" ती म्हणाली. तिचं माहेर नांदेडकडचं. छत्तीस वर्षं हैदराबादेत राहून ती तेलुगू फर्डं बोलते, पण माझ्यावर वैतागली की थेट नांदेडला पोचते.

"पक्ष्यांसाठी बाग करतोय."

"मागं शेवग्यावर एवढे असतेत की."

"ते असेच असतात. मी शास्त्रशुद्ध पक्षी आणणार आहे."

आमच्या घरामागं, स्वयंपाकघराच्या दाराशी एक कोपरा आहे. तो हिचा. तिथं एक शेवगा, एक अवाढव्य वाढलेला कढीपत्ता, कुंपणभर तोंडलीचा वेल, न झाडलेला पाचोळा आणि वर्षानुवर्षं गळणारा नळ. नळाखाली फुटकं टोपलं. ज्वारी निवडली की खडे आणि किडके दाणे तिथंच टाकायचे, ही हिची पद्धत. पाटीसाठी पाहणीला येणाऱ्या माणसांसमोर हा उकिरडा दिसता कामा नये, म्हणून मी तिथं शहाबादी फरशी घालायचं ठरवलं. फरश्या आणून रचूनही ठेवल्या.

"माझ्या कोपऱ्याला हात लावाल तर बघा," ती म्हणाली. मी 'हं' म्हणालो.

ह्या 'हं'कडे लक्ष असू द्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. बायको काहीही बोलली तरी पेपरवरची नजर न काढता 'हं' म्हणायचं, ह्या एका सवयीवर आमचा संसार इतका शांत चालला होता.

सहा महिन्यांत पुढची बाग अशी काही फोफावली की सांगता सोय नाही! तरवड पिवळाधमक फुलला. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे छातीपर्यंत आले. प्रत्येक झाडापाशी मी शास्त्रीय नावाची पट्टी खोचली. मधल्या पायवाटेवर 'प्रवेश बंद'ची पाटी रोवली. मुलगा प्रशांत बंगळुरूला असतो, त्यानं दुर्बीण पाठवली. मांजरं हाकलायला शिट्टी हवी म्हणून बेगम बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "एक नको बोलो साब, ये होलसेल है, डझन में मिलते." म्हणून बारा शिट्ट्या आणल्या. एक गळ्यात, अकरा कपाटात.

रोज पहाटे साडेपाचला मी खुर्ची टाकून बसायचो. मांजर दिसलं की शिट्टी. मांजर दिसेल असं वाटलं तरी शिट्टी. कावळा माजोरीपणा करतो म्हणून त्यालाही शिट्टी. पक्ष्यांना आपलेपणा वाटावा म्हणून मोबाईलवर मुनियांचा आवाज लावून ठेवायचो, पूर्ण आवाजात. शेजारी वही. तारीख, वेळ, पक्षी. पहिल्या दिवशी लिहिलं 'निरंक'. दुसऱ्या दिवशी निरंक. तिसऱ्या महिन्यात मी निरंकचा शिक्का करून घ्यावा की काय ह्या विचारात होतो.

एकदा ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "जरा गप बसून बघा की. तो फोन बंद करा."

"हं," मी म्हणालो आणि शिट्टी वाजवली.

अश्विनीनं पाहणीचा दिवस ठरवला. नवरात्रातली नवमी, तिला सुट्टी. सकाळी सात ते आठ, एका तासात निदान आठ प्रकारचे पक्षी दिसायला हवेत. मी म्हटलं, पक्षी लाजरे आहेत, पण कुर्डूच्या बिया आता पिकतील, त्या दिवशी थव्यानं येतील. सगळा भरवसा त्या तुऱ्यांवर होता.

अष्टमीला सकाळी मी पाण्याचं मातीचं पसरट भांडं आणायला गेलो. (पक्ष्यांना आंघोळीला लागतं.) दहा वाजता परत आलो आणि फाटकात थिजलो. बाग नव्हती. म्हणजे झाडं होती, पण नुसत्या काड्या. तरवडावर औषधाला एक फूल नाही. कुर्डूचा एकूण एक तुरा मानेतून कापलेला. पायवाटेवर अकरा बायकांच्या चपलांचे ठसे आणि 'प्रवेश बंद'च्या पाटीवर अडकवून कुणीतरी विसरलेला विळा.

"पद्मावती! चोरी झाली!"

ती पदराला हात पुसत बाहेर आली. मागून अनसूयम्माही आली. ही आमची शेजारीण, गल्लीतल्या सगळ्या सणांची पुढारी. तिच्या कडेवर टोपली, टोपलीत माझे तुरे.

"एकनाथ गारू, क्या फूल उगाए जी तुमने!" ती आनंदानं ओरडली. "हर साल बाजार में जाके तंगेडू ढूँढते, गुनुगू ढूँढते. इस साल पूरी गल्ली का बतुकम्मा तुमारे घर से!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तंगेडू म्हणजे तरवड, आणि गुनुगू म्हणजे कुर्डू! उभा जन्म हैदराबादेत गेला. दरवर्षी ह्याच दिवसांत गल्लीतल्या बायका ताटात फुलांचा मनोरा रचतात, त्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात, मग पाण्यात सोडतात, हे दरवर्षी बघतो. त्या मनोऱ्यात पिवळी फुलं आणि गुलाबी तुरे असतात, हेही बघतो. आणि नेमकी तीच दोन झाडं मी निवडून, खतपाणी घालून, शास्त्रीय नावाच्या पट्ट्या लावून, नेमक्या ह्याच आठवड्यात फुलवली होती. म्हणजे सहा महिने मी बतुकम्माची तयारी करत होतो, फक्त मलाच माहीत नव्हतं.

"पण विचारायचं तरी!" मी म्हणालो.

"विचारलं की," पद्मावती म्हणाली. "आठ दिवसांखाली. तुम्ही त्या खुर्चीत बसला होता. मी म्हणलं, अनसूयम्मा फुलं मागायली, देऊ का? तुम्ही काय म्हणालाव?"

मी काय म्हणालो असेन, हे तुम्हाला सांगायला नको.

संध्याकाळी गल्लीत तो मनोरा निघाला. माझ्या कमरेपर्यंत उंच. अनसूयम्मा ज्याला त्याला सांगत होती, "पद्मावतम्मा के गार्डन के फूल हैं." पद्मावती नव्या साडीत, फेरात सगळ्यांच्या पुढे, टाळ्या देत वाकत होती. इतकी खूष मी तिला कित्येक वर्षांत बघितली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आणि त्याच वेळी माझी पाटी त्या ताटातून तळ्याकडे चालली आहे, हेही दिसत होतं.

नवमीला सातच्या ठोक्याला अश्विनी आली. हातात फॉर्म, गळ्यात कॅमेरा, आणि पिशवीत हिरवं काहीतरी चमकत होतं. मी तिला काड्यांसमोर बसवलं. झाला प्रकार सांगितला. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

आम्ही बसलो. दहा मिनिटं गेली. एक मांजर आलं. सवयीनं हात शिट्टीकडे गेला आणि ती जोरात वाजलीही. समोरच्या घरावरचे दोन पारवे होते, तेही उडाले.

"काका," अश्विनी सावकाश म्हणाली, "हे रोज करता?"

"रोज. न चुकता."

तिनं फॉर्मवर काहीतरी लिहिलं. वीस मिनिटं झाली, निरंक. एवढ्यात तिनं मान वाकडी केली. "मागे काय आहे?"

"मागे काही नाही. उकिरडा आहे. उद्या फरशी घालणार आहे."

ती उठून चालू लागली. मी मागोमाग. स्वयंपाकघराच्या दारात पद्मावती ज्वारी निवडत बसली होती. तिनं तोंडावर बोट ठेवून आम्हाला खाली बसायची खूण केली.

आणि मी बघितलं. शेवग्याच्या फुलांवर दोन शिंजीर. कढीपत्त्याची काळी फळं खायला बुलबुलांचं जोडपं. पिकून लाल झालेल्या तोंडल्यांत हिरवा तांबट तोंड खुपसून. पाचोळ्यात सातभाईंची टोळी कलकल करत होती. गळक्या नळाखाली, फुटक्या टोपल्यात, दयाळ आंघोळ करत होता. मी आणलेलं मातीचं भांडं पुढच्या बागेत कोरडं पडलं होतं. शिंपी, वटवट्या, चिमण्या. आणि हिच्या हाताच्या अंतरावर, किडकी ज्वारी टिपत, सात मुनिया.

"काकू," अश्विनी कुजबुजली, "हे सगळं तुम्ही लावलंत?"

"लावायचं काय त्यात? शेंगांना शेवगा, फोडणीला कढीपत्ता. तोंडली आपली येते. नळ दुरुस्त करा म्हणून नऊ वर्षं झाली सांगायले. हे हं म्हणतेत."

"काकू, सगळी इथली झाडं आहेत! शेवगा, कढीपत्ता, तोंडली, सगळी नेटिव्ह!"

नऊ प्रकार भरले. अश्विनीनं पिशवीतून पाटी काढली, रंगाचं पेन काढलं आणि माझ्या डोळ्यांदेखत, सुबक अक्षरात लिहिलं : पद्मावती. मी आत जाऊन स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारी पाटी लावून दिली. पद्मावतीनं ती तीनदा सरळ करून घेतली. नंतर पदरानं पुसत ती हळूच म्हणाली, "ह्यांचंबी नाव घाल की गं. समोर राबलेत ते."

माझे डोळे भरून आले. छत्तीस वर्षांत हिनं माझ्यासाठी असा शब्द कधी टाकला नव्हता.

"आहे ना काकू," अश्विनी म्हणाली. "काकांचं नाव फॉर्मवर आधीच घातलंय. आता कायमचं रेकॉर्डला राहील."

मी फॉर्म हातात घेतला. चष्मा पुसला. वाचलं.

'बागेची निगा राखणारे : पद्मावती. पक्ष्यांना होणारा उपद्रव : मांजर, किरकोळ. कुत्रा, निरंक. इतर : एकनाथराव.'

पुढे कंसात लिहिलं होतं, शिट्टी काढून घ्यावी. पद्मावतीनं हात पुढे केला. मी गळ्यातली काढून दिली. ती म्हणाली, "कपाटातल्या अकरा?"

"हं," मी म्हणालो, आणि आणायला गेलो.