लंकाबाय डॉट कॉमची वहिवाट

माणसाने इंग्रजी अक्षरं जपून वापरावीत, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आमच्या घरावर जे काही आलं ते दोन अक्षरांमुळे आलं, आणि ती दोन अक्षरं मी, सावळीराम ताजणे, सरकारी कचेरीतल्या आवक-जावक विभागाचा कारकून, पूर्ण शुद्धीत असताना निवडली होती.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. सरकारने तेव्हा आम्हा कर्मचाऱ्यांना कॉम्प्युटरचा कोर्स सक्तीचा केला होता. पास झालात तर इन्क्रिमेंट, नाहीतर बसा टंकलेखन करत. मी पास झालो. (दुसऱ्या खेपेला. पण सर्टिफिकेटवर खेप लिहीत नाहीत.) तेव्हापासून घरात मला कॉम्प्युटरमधला जाणकार समजलं जाऊ लागलं. समजणारा मी एकटाच होतो, हा भाग वेगळा.

माझी बायको छाया मसाल्याचा व्यवसाय करते. मसाला तिचा, पण कृती तिच्या आईची. आमच्या सासूबाई, लंकाबाई, पिंपळगाव बसवंतला राहतात आणि त्यांचा काळा मसाला ज्याने एकदा खाल्ला तो पाणी पीत पीत दुसऱ्यांदा मागतो. छाया मिरच्या, खोबरं, दगडफूल आईच्या पद्धतीने भाजून घेते, डंकावर कांडून आणते आणि सिडकोतल्या आमच्या घरी पाकिटं भरते. पाकिटावर ठसठशीत छापलेलं असतं : ‘लंकाबाईंचा काळा मसाला’. कॉलनीतल्या निम्म्या लोकांची मुलं अमेरिकेत गेल्यापासून ही पाकिटं सुटकेसमधून विमानाने जायला लागली. तेव्हा मी सुचवलं की आपण वेबसाइट काढू. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

वेबसाइटला नाव लागतं, त्याला डोमेन म्हणतात. छाया म्हणाली, लंकाबाई लिहा आणि मोकळे व्हा. मला ते फार सपक वाटलं. ‘बाई’चं स्पेलिंग बी-ए-आय तर कोणीही करील. मी बी-यू-वाय केलं. म्हणजे वाचताना ‘लंकाबाय’, अर्थ ‘विकत घ्या’. सासूबाईंचा मानही राहिला आणि गिऱ्हाइकाला सूचनाही मिळाली. शिवाय पिंपळगावात सगळे त्यांना लंकाबायच म्हणतात, तेव्हा उच्चाराच्या दृष्टीनेही मी अचूक होतो. छाया म्हणाली, ‘‘आईच्या नावात उगाच कारागिरी करू नका.’’ मी केली. फॉर्ममध्ये ‘मालक’ या रकान्यात कोणाचं नाव घालायचं, हे विचारायला ती घरात नव्हती, डंकावर गेली होती. म्हणून मी माझं घातलं. (ती असती तरी मी माझंच घातलं असतं.)

पहिले काही आठवडे वेबसाइटकडे कोणी फिरकलं नाही. मग एकदम टोरांटो, मेलबर्न अशा ठिकाणांहून ई-मेल यायला लागले. कोणी दालचिनी मागे, कोणी खोबरेल, तर एका बाईंना सुकी मासळी हवी होती. हे कुठले मराठी लोक, अशी छायाला शंका आली. मी तिला समजावलं की माणूस परदेशात फार दिवस राहिला की त्याच्या आवडीनिवडी बिघडतात. मग मेलबर्नच्या एका गृहस्थांचं पत्र आलं. त्यात एवढंच होतं : एक किलो ब्लॅक, चांगला स्ट्राँग, घरी पाहुणे येणार आहेत, लवकर पाठवा.

छायाने विचारलं, मसाला असं म्हटलंय का त्यांनी? मी म्हणालो, ब्लॅक म्हणजे काळा आणि आपल्याकडे काळं दुसरं काय आहे? इंग्रजीत लोक थोडक्यात लिहितात. स्ट्राँग म्हटल्यावर तिने लवंगी मिरची जास्त घालून खास घाणा काढला. बिचारीने पाकिटाबरोबर तिळाची चटणीही फुकट घातली.

पुढे उलगडलं ते असं. परदेशात श्रीलंकेच्या लोकांची ‘लंका बाय’ नावाची एक मोठी कंपनी होती. जगभर पांगलेल्या आपल्या देशबांधवांना ती सिलोनचा चहा, दालचिनी, मासळी असलं सगळं घरपोच विकायची. मेलबर्नच्या गृहस्थांना हवा होता ब्लॅक टी. मराठीची अक्षरं त्यांना परकी, त्यामुळे पाकिटावर काय लिहिलंय हे कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी किटलीत तीन चमचे टाकले, वर उकळतं पाणी ओतलं आणि पहिला कप मान म्हणून सासऱ्यांना दिला. सासऱ्यांनी रंगाची तारीफ केली आणि मग घोट घेतला. एका सासऱ्याचा जावई म्हणून मला त्या गृहस्थांची मनापासून दया येते.

त्यांनी तक्रार केली ती अर्थात त्या कंपनीकडे. आणि कंपनीच्या वकिलांनी आम्हाला नोटीस धाडली. आमचा ट्रेडमार्क तुम्ही जाणूनबुजून, फसवणुकीच्या हेतूने वापरला आहे. डोमेन आमच्या हवाली करा आणि ‘लंका’ हे नाव कोणत्याही मालावर वापरणं बंद करा. परदेशातल्या एका लवाद-केंद्रात आम्ही दावा दाखल केला आहे, तीन आठवड्यांत उत्तर द्या, नाहीतर एकतर्फी निकाल लागेल.

मी ती नोटीस छायाला शक्य तितक्या खेळीमेळीने वाचून दाखवली. तिने एकच प्रश्न विचारला. ‘‘म्हणजे पाकिटावरचं नावही काढायचं?’’

‘‘तेही.’’

‘‘मग आईला तुम्ही सांगा,’’ ती म्हणाली आणि परत पाकिटं चिकटवायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आमच्या कॉलनीत गायधनी वकील राहतात. त्यांची सगळी हयात बांधाच्या भांडणांत गेलेली. डोमेन म्हणजे काय, हे मी त्यांना समजावलं : इंटरनेटवरचा प्लॉट समजा. त्यांनी लगेच विचारलं, सातबारा कोणाच्या नावावर? माझ्या, म्हणालो. बायकोच्या माहेरची जमीन गुपचूप आपल्या नावावर करून घेणारे जावई त्यांनी खूप पाहिले असावेत, कारण त्यांनी नुसती मान हलवली. मग त्यांनी चष्मा पुसून नोटिशीबरोबरचे नियम वाचून काढले आणि एका कलमावर बोट ठेवलं. मालक जर त्या नावाने लोकांत ओळखला जात असेल, तर डोमेन त्याच्याकडेच राहतं. ‘‘म्हणजे वहिवाट,’’ वकीलसाहेब खूश होऊन म्हणाले. ‘‘मग एवढं इंग्रजी कशाला? नावाची वहिवाट सिद्ध करू.’’

रविवारी आम्ही तिघे पिंपळगावला गेलो. वकीलसाहेबांनी सासूबाईंचं रेशनकार्ड मागितलं. त्यावर नाव होतं सिंधुबाई. मतदानाचं कार्ड काढलं, त्यावरही सिंधुबाई. मी छायाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. इतकी वर्षं मी ज्या बाईंच्या पाया पडत होतो त्यांचं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि त्याच नावावर मी जगभर दुकान उघडून बसलो होतो.

‘‘लग्नात बदललं ना,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘ताटातल्या तांदळात यांनी अंगठीनं सिंधू लिव्हलं. सासू म्हणायची, लंका नाव घरात नको, घर पेटंल. पण सिंधू म्हणून हाक मारली की मी वळायचीच नाय. सासू दमली, सासरा दमला. मंग सगळेच लंका म्हणाया लागले.’’

‘‘पण कागदावर?’’ वकिलांनी विचारलं.

‘‘कागदावर सिंधूच ऱ्हायली. लंका कुठं लिव्हल्यालं नव्हतंच कधी. छायाच्या पाकिटावर पह्यल्यांदा लिव्हलं. मला वाचता येत नाय, पण तेवढं वळखू येतं.’’ मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘ते तेवढं जाऊ देऊ नका, जावईबापू.’’

मला फार वाईट वाटलं. विनोदी माणसाने असलं कबूल करू नये, पण वाटलं. साध्या मसाल्याच्या पाकिटावर एक बाई आपलं नाव पहिल्यांदा बघत होती आणि मी तिथे बी-यू-वाय करून बसलो होतो.

वकीलसाहेबांनी मात्र धीर सोडला नाही. सिंधुबाईंचं राहू द्या, म्हणाले. तसंही मालक जावई आहेत, तेव्हा लोक जावयाला काय म्हणतात तेच विचारायला हवं. साक्षीदार बोलवा. सासूबाईंनी अंगणातून चार हाका मारल्या आणि निम्मी गल्ली ओट्यावर गोळा झाली. मला मधोमध खुर्चीवर बसवण्यात आलं. (मुलगी बघायला आलो होतो तेव्हाही याच खुर्चीवर बसलो होतो, तेव्हाही कोणी मला काही विचारलं नव्हतं.)

पहिल्या साक्षीदार शेजारच्या तानुबाई. वकिलांनी विचारलं, या गृहस्थांना तुम्ही कोणत्या नावाने ओळखता?

‘‘हे? हे लंकाबायचे.’’

‘‘लंकाबायचे कोण?’’

‘‘लंकाबायचेच की.’’

‘‘अहो, पण यांचं स्वतःचं नाव?’’

तानुबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाल्या, ‘‘आसंल कायतरी.’’

दुसरे लहानू, द्राक्षांचा टेम्पो चालवणारे. माझ्या लग्नाचं वऱ्हाड यांच्याच टेम्पोतून आलं होतं. त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं. पत्रिकेवर काहीतरी ‘राम’ होतं एवढं त्यांना आठवत होतं, पण शपथेवर सांगायला ते तयार नव्हते. ‘‘नावाचं काय काम पडत नाय साहेब. लंकाबाय म्हणलं की समदं गाव वाट दावतंय यांना.’’ बाकीच्या साक्षी याच वळणाने गेल्या. सासूबाईंनी जावयाला नावाने हाक मारतात का, असा उलट प्रश्न केला. शेवटी वकीलसाहेबांनी आशेने छायाकडे पाहिलं. तिने खरं तेच सांगितलं. ‘‘मी त्यांना अहो म्हणते.’’

माझ्याकडे माझ्या नावाचं सर्टिफिकेट आहे, असं मी मधेच सुचवून पाहिलं. वकीलसाहेबांनी मला गप्प बसायला सांगितलं. आपल्याच विरुद्ध पुरावा देणारा अशील त्यांनी प्रथमच पाहिला, असं ते म्हणाले.

या सगळ्या जबान्या मी स्वतः इंग्रजीत उतरवल्या आणि एक अक्षरही इकडचं तिकडे न करता पाठवून दिल्या. पुढचे दोन महिने छायाने नवीन पाकिटं छापायला टाकली नाहीत. जुनी पुरवून पुरवून वापरली. सासूबाईंचा दर रविवारी फोन यायचा. त्या इकडचं तिकडचं बोलायच्या, मुद्द्याचं काही विचारायच्या नाहीत, आणि मी मुद्द्याचं काही सांगायचो नाही.

मग निकालाचा ई-मेल आला. आम्ही जिंकलो. डोमेन आमचं, नाव आमचं, पाकीटही आमचं. छायाने आधी पिंपळगावला फोन लावला आणि मग रडली. मी मात्र निकाल पुरता वाचला, कारण आवक कागद शेवटपर्यंत वाचायची मला सवय आहे. पंचांनी लिहिलं होतं : ‘प्रतिवादीच्या साक्षीदारांपैकी, त्याच्या पत्नीसह, एकालाही त्याचं अन्य नाव सांगता आलं नाही. प्रतिवादीला स्वतंत्र नाव असल्याचा कोणताही पुरावा या केंद्रासमोर आलेला नाही. तो ज्या गावी ओळखला जातो तिथे केवळ लंकाबाय याच नावामुळे ओळखला जातो. सबब हे नाव त्याचंच आहे, असं आम्ही मानतो.’

असे निकाल इंटरनेटवर सगळ्यांना वाचता येतात. कॉम्प्युटरचा कोर्स आमच्या कचेरीत मी एकट्यानेच केला नव्हता. सोमवारी साहेबांनी फाईल मागवली ती ‘लंकाबाईंना सांगा’ म्हणून.

महिनाभराने निकालाची शिक्क्याची प्रत कुरियरने आली. छाया बाजारात गेली होती. दारात कुरियरवाला पाकीट उलटसुलट करत उभा होता. मी हात पुढे केला तर त्याने पाकीट छातीशी धरलं.

‘‘तुमच्याकडे नाही देता येणार काका. लंकाबायच्या नावानं आहे, सही त्यांचीच पाहिजे. बोलवा त्यांना.’’

सरकारी नोकरीत मी आजवर खोटी सही केलेली नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, ‘‘मीच.’’

त्याने माझ्या मिशांकडे पाहिलं, दारावरच्या ‘सा. रा. ताजणे’ या पाटीकडे पाहिलं आणि पेन पुढे करत फार समजुतीने विचारलं, ‘‘सही येते ना बाई, की अंगठा घेऊ?’’