गुंडेरावांची कंबरेची उशी

"रडा, पण टेकून रडा," असं मयताच्या घरी म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे गुंडेराव. नवरा गेलेली बाई ओसरीत ऊर बडवत होती, आणि हे तिच्या पाठीमागं उशी सरकवत होते. तिच्या बहिणीनं ती उशी अंगणात भिरकावली. गुंडेरावांनी उचलली, झटकली आणि शांतपणे स्वतःच्या पाठीला लावून बसले.

बेंबळीत आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. बसवर ड्रायव्हर होते. रिटायर झाले, पाठोपाठ बायको भागीरथी गेली, आणि तेव्हापासून ही उशी त्यांच्या काखेत आली. काळ्या जाळीच्या कापडाची, मध्ये फुगीर, मागं खुर्चीला बांधायचा पट्टा. माणसं देवळात जाताना नारळ नेतात, हे उशी न्यायचे. लग्नाच्या पंगतीत भिंतीची जागा मिळेपर्यंत जेवायला बसायचे नाहीत. न्हाव्याकडं गेले तर आधी खुर्चीला उशी बांधायची, मग दाढी. ग्रामसभेत सरपंच पाण्याच्या टाकीवर तावातावानं बोलत होता, तर हे मधेच उठून म्हणाले, "टाकी ऱ्हाऊ द्या, आधी नीट बसा."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बाकी सगळे पार्ट मिळतात, कणा मिळत न्हाय." दिवसातून दहा वेळा. लहान पोरं त्यांना बघितलं की ताठ उभी राहायची आणि मग पळायची. पुरुषमाणसं ओट्यावर आली की उशी लावून बघायची, बरं वाटतं म्हणायची. बायका मात्र हसून परत करायच्या. मीही केली. चारचौघांत पाठ टेकून बसायची आम्हाला सवयच नाही. सासूपुढं टेकलं की आळशी, सासऱ्यापुढं टेकलं की उद्धट. आता दोघंही नाहीत, पण पाठ ऐकत नाही.

माझ्या नातीला, प्रियंकाला, बघायला उमरग्याचे पाहुणे आले तो दिवस मी विसरणार नाही. चौथं स्थळ होतं. नर्सिंग शिकलेली पोर. लग्नानंतर नोकरी करू देणारा हा पहिलाच मुलगा, आणि दोघं फोनवर बोललेली, एकमेकांना आवडलेली. फक्त मोठ्यांनी हो म्हणायचं राहिलं होतं. पोरगी सकाळपासून जेवली नव्हती. गल्लीतला वडीलधारा माणूस बैठकीत पाहिजे म्हणून गुंडेरावांना बोलावलं. मी आधीच बजावलं, "भाऊजी, उशी घरी ठेवून या."

ते उशी घेऊनच आले.

प्रियंका पोह्यांचा ट्रे ठेवून खुर्चीच्या कडेवर बसली. मान खाली, पाठ वाकलेली. मीच तसं शिकवलं होतं. मुलाच्या आत्यानं स्वयंपाकाचं विचारायला सुरुवात केली, तेवढ्यात गुंडेराव उठले आणि सगळ्यांदेखत पोरीच्या पाठीमागं उशी लावली. "पोरी, मागं सरक. टेक."

आत्याचा चमचा थांबला. "पोरीच्या कंबरेत काय हाय का?"

मी घाईनं नाही नाही म्हणाले. पोरगी धडधाकट आहे, यांनाच ही सवय आहे, असं सांगत होते. तर गुंडेरावांनी माझ्या सांगण्यावर पाणी फिरवलं. "आत्ता काय न्हाय. पण पुढं दुखणारच की. बाईची कंबर हाय."

आत्यानं मुलाच्या आईकडं बघितलं. माझ्या मुलानं कपाळाला हात लावला. प्रियंकाचे डोळे भरून आले. मला वाटलं, उशी घ्यावी आणि या माणसाच्या डोक्यात घालावी.

मुलाची आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. सोफ्याच्या टोकाला बसलेली, जाडजूड, शेतात राबलेली बाई. तिनं हात पुढं केला. "बघू ती."

प्रियंकानं उशी दिली. बाईंनी ती पाठीमागं घेतली, इकडं तिकडं सरकवली आणि हळूच टेकल्या. डोळे मिटले. चहावर साय धरली. आत्यानं दोनदा "वैनी" म्हणून हाक मारली. बऱ्याच वेळानं बाई डोळे न उघडता बोलल्या, "पोरगी पसंत हाय. आन् मला अजून जरा बसू द्या."

मग काय विचारता. साखर वाटली, कुंकू लावलं, माझा मुलगा हसता हसता रडला. निघताना गुंडेरावांनी स्वतः जीपच्या पुढच्या सीटला उशी बांधली, पट्टा ओढून बघितला आणि विहीणबाईंना बसवलं. जीप उशीसकट गेली.

दुसऱ्या दिवशी मी पेढे द्यायला गेले. ते ओट्यावर हात मोकळे सोडून बसले होते. मी म्हटलं, "विहीणबाईंना फोन करते, उशी परत मागवते. तुमची गैरसोय नको."

"माझी न्हाय ती," ते म्हणाले. "भागीरथीची. डॉक्टरनं सांगितली म्हणून आणली व्हती. तिनं कपाटावर ठिवली. गेली तवा वरची पिशवी बी फोडलेली नव्हती. काल पैल्यांदा एक बाईमाणूस ती लावून निवांत बसलं."

मला आडपडदा जमत नाही. मी विचारलं, "तुम्ही तिला कधी म्हणालात का, टेक म्हणून?"

त्यांनी पेढ्याचा पुडा खाली ठेवला.

"तवा म्हणलो न्हाय, वैनी. आता सगळ्यास्नी म्हणतो."