खरं शे का, भो?

आमच्या अमळनेरात इंग्रजी शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. पण व्याकरणात चोख असलेलं वाक्य केवळ खोटं आहे म्हणून चूक ठरवणारा माणूस एकच. नाना.

सलीमभाई कूलर दुरुस्त करतो. त्याने सरावाच्या कागदावर लिहिलं, ‘माय फादर हॅज अ हॉर्स.’ नानांनी लाल पेन हवेतच धरलं आणि अहिराणीत विचारलं, खरं आहे का, भाऊ?

“खरं शे का, भो?”

“काय, नाना?”

“घोडा. बांधता कुठे?”

“घोडा कुठला, नाना! पुस्तकात होतं तसं लिहिलं.”

“मग तो पुस्तकातल्या बापाचा. तुझ्या बापाकडे काय आहे ते लिही.”

सलीमभाईने घोडा खोडला आणि बापाला दमा दिला. नानांनी बरोबरची खूण केली. वर औषध कोणाचं चालू आहे, तेही विचारलं.

नाना शिक्षक नव्हेत. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी गेली. “दोंडाईचा गाडी येईल का?” असं कोणी विचारलं, की म्हणायचे, “आल्यावर सांगतो.” लोक शिव्या द्यायचे, पण त्या खिडकीतून खोटं कधी बाहेर पडलं नाही. इंग्रजी तिथेच बसून स्वतःचं स्वतः शिकले. निवृत्त झाल्यावर एका सरकारी कार्यालयाच्या पडीक खोलीत मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा फुकट वर्ग काढला. सरावाचे कागद स्वतःच्या हाताने लिहितात. कशावर? माझ्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर!

मी रात्रंदिवस अन्यायाविरुद्ध पत्रकं काढतो आणि हा माणूस त्यांच्या मागे रिकाम्या जागा भरायला देतो. जाब विचारायला गेलो, तर त्यांनी पत्रक उलटून माझाच मथळा वाचला: ‘हजारो तरुण रस्त्यावर!’

“खरं शे का, भो? किती होते?”

“नाना, तो मथळा आहे.”

“किती?”

“एकोणीस.”

“मग एकोणीस लिही. एकोणीस काय कमी आहेत?”

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडलेलो आहे. आणि त्या दिवसापासून रोज त्यांच्या वर्गात जातो.

मीनाताई पिको-फॉल करतात. मुलीच्या शाळेच्या सूचना वाचता याव्यात म्हणून येतात. त्यांनी लिहिलं, ‘माय हजबंड हेल्प्स मी.’ नानांनी नुसतं वर पाहिलं. मीनाताईंनी खाली मान घालून वाक्य नकारार्थी केलं. दुसऱ्या दिवशी नवरा भांडायला हजर! नानांनी त्याच्यापुढे कागद सरकवला. “तू काय मदत करतो ते लिही. मराठीत लिहिलं तरी चालेल.” तो बराच वेळ पेन चावत बसला. पुढचे आठ दिवस तो दुकानात साड्यांच्या घड्या घालत होता, आणि नवव्या दिवशी मीनाताईंनी ते वाक्य पुन्हा होकारार्थी करून घेतलं.

असा हा वर्ग. मग कार्यालयाचं पत्र आलं: पंधरा शिकणारे असतील तरच खोली राहील, साहेब जळगावहून तपासायला येतील. आमचे होते अकरा. खोली गेली तर वर्ग गेला, कारण नाना स्वतःच्या घरी कोणाला येऊ देत नसत. उंबऱ्याबाहेरूनच बोलून परत पाठवायचे.

चार माणसं म्हणजे काय मोठी गोष्ट? मी आमच्या संघटनेतले चार जण आणून बसवले, हातात पेन दिलं. साहेबांनी डोकी मोजली, पंधरा भरली, सहीसाठी पेनचं टोपण काढलं.

“चार आजच आलेत,” नाना म्हणाले. “उद्या येतील की नाही, ते उद्या सांगतो.”

खोली गेली.

मी त्यांना नको नको ते बोललो. “तुमच्या खरेपणाचं लोणचं घाला, नाना! मीनाताई आता कुठे शिकणार?” ते फळा पुसत राहिले. एवढंच म्हणाले, “तुझं खरं आहे.”

तीन दिवस मला चैन पडेना. वरच्या साहेबांना पाठवायला अर्ज लिहिला, ‘शेकडो विद्यार्थी वाऱ्यावर’, मग शेकडो खोडून अकरा केलं आणि नानांची सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. हाक न मारताच आत शिरलो.

खाटेवर आक्का बसल्या होत्या. नानांच्या पत्नी. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. त्यांना झटका येऊन गेलाय, बोलणं गेलंय, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्यापुढे नानांच्या अक्षरातला सरावाचा कागद होता. इंग्रजी नव्हे, अहिराणी. त्यांच्या माहेरची बोली. ‘माले ____ लागनी.’ तिथे डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात ‘तीस’. तहान लागली की आक्का असं सांगायच्या. बाजूला कागदांची चळत होती. मी एक उचलला. ‘घरमा ____ शेतस.’ घरात कोण कोण आहेत? रिकाम्या जागेत आक्कांनी लिहिलं होतं, ‘बठ्ठा’. सगळे.

त्या घरात दोघंच राहतात. मुलं नाहीत, दीर-जावा कधीच वेगळ्या गावी गेले. आणि त्या शब्दापुढे लाल पेनाने बरोबरची खूण होती.

मी कागद नानांसमोर धरला. तोंड आवरणं मला जमत नाही. “नाना, हे बरोबर?”

“चूक आहे,” ते हळूच म्हणाले. “पण तिला चूक म्हणायला माझा हात चालत नाही, भो. कोणी आलं, की तोंड फिरवून घ्यायची. बोलता येत नाही याची लाज. म्हणून मीच कोणाला येऊ देत नव्हतो. मग एक दिवस तिने हे लिहिलं.”

आक्का तोंड न फिरवता माझ्याकडे बघत होत्या. डाव्या हाताने त्यांनी खाटेवरची उशी बाजूला केली, म्हणजे बस.

मी बसलो. अर्ज खिशातच राहिला. सलीमभाईला फोन लावला आणि विचारलं, फळा कुठे आहे.

“माझ्या दुकानात पडलाय. कुठे आणू?”

“नानांच्या घरी. उद्या संध्याकाळी, सगळ्यांना घेऊन.”

“घरी? नानांना विचारलं का?”

मी मान वर केली. दारात आक्कांच्या नि नानांच्या चपला होत्या, दोनच जोड. नाना खाली वाकून त्या अगदी कडेला, भिंतीला लावून ठेवत होते.